शिरेच्या अंगाने

१९ जानेवारी

दादा,

साष्टांग नमस्कार वगैरे घालत नाही. वाकलं की कंबर धरते, आणि घातला तरी बघायला तू इथे आहेस कुठे? फोनच करणार होते, पण अडचणीचा प्रश्न आला की नेमका तुझ्याकडचा आवाज तुटतो. पत्राचा आवाज तुटत नाही, म्हणून हे लिहितेय.

बाबा ठणठणीत आहेत. डावा गुडघा कुरकुरतो, पण बोगद्यात शिरले की तोही गप्प बसतो. सकाळचा चहा झाला की हेल्मेट चढवायचं, त्याचा दिवा दोनदा लावून बघायचा आणि मला हाक मारायची, "ठिणगे, गाडी काढ!" मग ते पुढे घण-छिन्नी घेऊन, आणि मी मागे ढकलगाडी घेऊन. ते फोडतात, मी भरते, बाहेर नेऊन ओतते, परत आत जाते. गाढव मेलं ओझ्याने आणि शिंगरू मेलं हेलपाट्याने, त्यातलं शिंगरू मी. भाड्याचा कॉम्प्रेसर मिळाला तर काम पळतं, नाहीतर मुंगीच्या पावलांनी. बाबांचा अंदाज आहे की उन्हाळा तापायच्या आत आपण तू माथ्यावर पाडलेल्या बोअरच्या बरोबर खाली पोचू आणि तांब्याची ती जाड शीर समोर येईल.

आता घोडं कुठे पेंड खातंय ते सांगते. शहरातल्या प्रयोगशाळेत जागा निघालीय. तीच जागा, जी मी आठ वर्षांपूर्वी सोडली. खडकाचे नमुने कुटायचे, चाळायचे, आम्लात विरघळवायचे आणि त्यात धातू किती ते काढायचं. माझं सगळं शिक्षण त्याचंच. वयाच्या अटीत मी यंदा कशीबशी बसते, पुढच्या वर्षी मला कुत्रंही विचारणार नाही. पंधरा एप्रिलला हजर व्हायचंय. सर्वेक्षण खात्याच्या एक बाई सध्या या डोंगरांत फिरतायत, त्यांच्याकडून असंच कानावर आलं. मी अजून काही कळवलेलं नाही.

तुला आठवतं ना, मागच्या वेळी नेमणुकीचा कागद माझ्या हातात होता आणि त्याच आठवड्यात तू तुमच्या कंपनीचं ड्रिलिंग मशीन दोन दिवसांसाठी मागून आणलंस. डोंगराच्या माथ्यावर उभं केलंस. लांबच लांब दगडी कांडी बाहेर यायला लागली, पांढरीशुभ्र गारगोटी आणि तिच्यात तांब्याच्या खनिजाचे सोनेरी-पिवळे ठिपके. अकरा मीटर, सलग. बाबा गुडघा विसरून नाचले. तू माझ्या पाठीवर थाप मारलीस आणि म्हणालास, "आता कशाला लोकांच्या प्रयोगशाळेत जातेस? घरचीच खाण सांभाळ." आणि मी राहिले. तुला शब्दाने कधी काही बोलले नाही, कारण मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं.

म्हणून एकच विचारते. ती शीर खरंच तेवढी जाड आहे ना? असेल तर मी राहते. आठ वर्षं काढली तिथे अजून चार महिने काय मोठेसे! तोंडाशी आलेला घास सोडून जाण्याइतकी मी खुळी नाही. पण नसेल, किंवा तुला शंका असेल, तर तसं सांग. हो किंवा नाही, एवढंच लिही. पोस्टकार्डावर मावेल.

ठिणगी


११ फेब्रुवारी

साहेब,

आजपासून दादा बंद, साहेब चालू.

तुझं चार पानी पत्र मिळालं. त्यात हवा आहे, पाणी आहे, तुमच्या कँटीनचा नवा आचारी आहे, बाबांचा गुडघा आहे. "एवढ्यात घाई करू नकोस" आहे. "म्हाताऱ्या माणसाला एकटं टाकून कसं चालेल" आहे. मी विचारलेल्याचं उत्तर तेवढं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी जुनीच खोड. मी विचारलं, शीर जाड आहे का. तू लिहितोस, शिस्टमधल्या, म्हणजे आपल्या या पापुद्र्यांच्या खडकातल्या, शिरा लहरी असतात. लहरी तर मीही आहे, म्हणून काय माझी जाडी मोजता येत नाही?

असो. उत्तर मला दुसऱ्याच माणसाकडून मिळालं.

त्या सर्वेक्षणवाल्या बाई गुरुवारी आपल्याकडे आल्या. खडकावर जिथे जिथे तांब्याचा हिरवा डाग दिसतो त्या सगळ्या जागांची त्या नोंद करतायत, मग ती जागा कितीही क्षुल्लक असो. बाबांनी खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला, आणि पाहुण्यांना दाखवायची ती त्यांची ठेवणीतली पेटी आणली. तीच, जिच्यात कांड्यांचा चुरा झालाय आणि तुकडे नुसते चमकतात. बाईंनी मान डोलावली. तेवढ्यात फाटकाशी कॉम्प्रेसरवाला आला आणि बाबा त्याच्याशी भाड्यावरून हुज्जत घालायला गेले. बाई मला म्हणाल्या, "बाकीच्या पेट्या बघू?"

मी त्यांना मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. त्या पेट्या मी आठ वर्षं पुसत आलेय, बाबांच्या जुन्या सदऱ्याने, दर महिन्याला. वाळवी लागू नये म्हणून खाली विटा लावल्या त्याही मीच. बाईंनी एक लांब अख्खी कांडी उचलली, बाटलीतलं पाणी तिच्यावर ओतलं आणि बोटाने फिरवून बघितली. मग दुसरी घेतली. मग तिसरी. म्हणाल्या, "मशीन कुठे उभं होतं?" मी माथ्याकडे बोट केलं. "आणि कललेलं कुठल्या बाजूला?" मी हात तिरका करून दाखवला. बाईंनी कांडी पेटीत परत ठेवली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला कुणी समजावून सांगितलं नाही का हे?"

कोपऱ्यात जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. तो त्यांनी भिंतीला तिरका टेकवला. म्हणाल्या, हा तुमचा खडक, पापुद्र्यावर पापुद्रा. आणि मधोमध त्यांनी एक पांढरा कोरा कागद सरकवला. ही तुमची शीर, पापुद्र्यांच्याच कलाने खाली उतरलेली. मग पेन्सिल घेतली आणि त्या पांढऱ्या कागदाच्या अंगाने, वरून खाली, दोन घड्यांच्या मधून सरळ आत सारली. "पेन्सिलीला सगळीकडे पांढरंच लागणार ना? असं झालंय. आडवं छेदायला हवं होतं. हे भोक शिरेच्या अंगाने उतरत गेलंय. अकरा मीटर ही लांबी आहे, जाडी नाही."

काठाच्या बाजूने कात्री चालवली तर अख्खं कापडच काठाचं वाटतं, हे मला कुणी वेगळं सांगायला नको होतं. मी विचारलं, "मग जाडी किती?" बाईंनी चार बोटं जुळवून दाखवली. "कुठे वीतभर असेल. नशीब असेल तर." मी म्हटलं, "चुकून होऊ शकतं असं?" त्या म्हणाल्या, "मशीन उभं करताना होऊ शकतं. पण कोअर, म्हणजे ही कांडी, बाहेर आल्यावर? यात पापुद्रे लांबीने धावतायत. ज्याला खडक वाचता येतो त्याला पहिल्याच पेटीत कळतं."

पहिल्याच पेटीत, साहेब. आणि पहिली पेटी तुझ्या मांडीवर होती, मी शेजारी बसून झाकणावर आकडे घालत होते.

मी चुरा करून तपासणारी बाई. अख्खा दगड वाचायला मी शिकले नाही, तो तुझा विषय होता, म्हणून तुझ्यावर सोडला. रेघा लांबीने धावतायत हे मला रोज दिसत होतं. मला वाटायचं, दगडच तसा असेल. माझा दादा एवढा शिकलेला, तो म्हणतोय म्हणजे बरोबरच. केसाने गळा कापलास माझा, आणि वर पाठीवर थाप मारलीस.

जाताना बाईंनी नकाशावर एक बारीक खूण केली आणि बाजूला लिहिलं, "किरकोळ". मी मान लांब करून वाचलं. त्या ओशाळल्या, म्हणाल्या, हा आमचा खात्याचा शब्द आहे, वाईट वाटून घेऊ नका. मी म्हटलं, छे हो, वाईट कसलं वाटायचंय.

ऐक आता. बाबांना यातलं काहीही माहीत नाही. कधीही विचारा, त्यांचं एकच, "शिकलेल्या पोराने बघितलंय, मी म्हातारा काय बघणार?" तुझ्या शब्दावर ते या वयात डोंगर पोखरतायत. त्यांना कळलं तर ते मटकन बसतील आणि पुन्हा उठणार नाहीत. मला हे त्यांना सांगता येणार नाही. ज्याने शेंडी लावली त्यानेच येऊन सोडवावी. तू ये, त्यांच्यासमोर बस आणि स्वतःच्या तोंडाने सांग.

तुझी बहीण, नाइलाजाने


९ मार्च

साहेब,

निदान या वेळी कबूल तरी केलंस. मशीन दोनच दिवस मिळालं होतं, माथ्यावर सपाट जागा तेवढीच होती, एकाच बाजूला कलवता येत होतं. बरं. चूक झाली. चूक मी समजू शकते रे, शिकताना माझ्या हातून प्रयोगशाळेत काय कमी चुका झाल्यात? पण कोअर बाहेर आली, तुला कळलं, आणि तू मूग गिळून बसलास. का, तर बाबा नाचत होते. आणि मी खुशीत होते म्हणे. "तुला एवढं आनंदात मी कधी बघितलं नव्हतं, सांगायचं धाडस झालं नाही." किती हळवा माझा भाऊ!

होते मी खुशीत. तेच तर दुखतंय. शेवटची गाडी ओतून बोगद्याच्या तोंडाशी उभी राहिले की अंगभर अभ्रकाची भुकटी चकाकायची, बाबा आतून काहीतरी गुणगुणत यायचे आणि मला वाटायचं, आपण दोघं काहीतरी मोठं करतोय. तेव्हाचं सुखसुद्धा आता नासलं. मागे जाऊन नासलं. हे तू कसं भरून देणार आहेस?

आणि धाडस झालं नाही म्हणतोस, ते एक दिवस झालं नाही, दोन दिवस झालं नाही. आठ वर्षं झालं नाही? मी सांगते का झालं नाही ते. तुझी सोय झाली. म्हाताऱ्याची काळजी नाही, औषधपाणी नाही, घराचं छप्पर गळतंय का बघायला नको. बहीण आहे ना तिथे, तांब्याची वाट बघत. वर्षाकाठी एक फोन केला की काम भागलं.

बरं, मघापासून तुला खोटारडा म्हणतेय तर माझंही ऐकून घे. जागेचं माझ्या असंच कानावर वगैरे काही आलं नव्हतं. अर्ज मीच केला होता, ऑक्टोबरमध्ये, बाबांच्या पाठीमागे. का केला ते तेव्हा मलाही नीट कळलं नाही. शीर सापडणार यावर माझा विश्वास होता, आणि तरी अर्ज केला. आता होकारही कळवलाय. बाबांना अजून सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडाने सांगू? एकाच महिन्यात शीर पण नाही आणि मुलगी पण नाही?

इथली तऱ्हा ऐक म्हणजे तुला हसू येईल. मी काम मुद्दाम रेंगाळत करते. गाडी निम्मीच भरते. चाकात तेल नाही म्हणून अर्धा दिवस काढते. कॉम्प्रेसरवाल्याला परस्पर सांगून आलेय की या महिन्यात आम्हाला नको. बाबा त्याच्या नावाने बोटं मोडतायत आणि मी हो ला हो करतेय. त्यांनी घण घातला की मी आधी भिंतीकडे बघते, आता पांढरं दिसेल, आता चार बोटांची रेघ दिसेल आणि हा माणूस कोसळेल. जी शीर दिसावी म्हणून आठ वर्षं वाट पाहिली ती दिसू नये म्हणून धडपडतेय. डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात, मला तर आता उंदराचीच धास्ती बसलीय.

एक गोष्ट मात्र कळत नाही. तुझ्या पत्रात तीन वेळा आलंय, "बाबांशी या विषयावर तू बोलू नकोस, मी आलो की मी बोलेन." एकदा लिहिलंस असतं तर समजले असते. तीनदा का? आणि येणार कधी, तर "पुढेमागे". माझी पंधरा एप्रिल पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही.

ये रे. मी एवढं चिडून लिहितेय, पण तू आलास तर मी दारात भांडणार नाही. आधी चहा देईन, मग भांडेन.

ठिणगी


३ एप्रिल

दादा,

तू आला नाहीस. मग मीच बोलायचं ठरवलं.

दुपारी बोगद्यात गारवा असतो म्हणून डबा आम्ही आतच खातो, शेवटच्या टेकूजवळ, एका खोक्यावर बाबा आणि पालथ्या घातलेल्या गाडीवर मी. काल मी रात्रभर जुळवून ठेवलेली वाक्यं काढली. आधी शिरा कशा लहरी असतात ते सांगितलं, म्हणजे तुझंच वाक्य उसनं घेतलं. मग म्हटलं, "बाबा, समजा, समजा हं, ती शीर निघाली पातळ, तर?"

बाबांनी घास चावून संपवला. म्हणाले, "पातळच निघणार. चार बोटं. फार तर वीत."

मला वाटलं माझ्या कानांत दगडाची पूड गेलीय. मी विचारलं, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पाहिजे? तीस वर्षं खाणीत मुकादमी केली ती काय पत्ते कुटत? पेटी उघडली तेव्हाच दिसलं. पोराने मशीन शिरेच्या अंगाने लावलं होतं."

"मग दादाला…"

"तो आला होता ना दुसऱ्या दिवशी सांगायला. एवढंसं तोंड करून. म्हणाला, बाबा, माझं चुकलं, मी तिला सांगतो, ती नोकरीवर जाऊ दे. मी म्हटलं, तू जा तुझ्या कामाला, तिला मी सांगतो."

"आणि मग?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. बसेना म्हणून उघडून परत लावलं. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर तू गेली असतीस."

असं म्हणाले, दादा. जसं कुणी म्हणावं, दार उघडं ठेवलं असतं तर मांजर आत आलं असतं. आवाज चढला नाही, उतरला नाही.

मी ओरडले. बोगद्यात ओरडायचं नसतं हे त्यांनीच शिकवलंय, तरी ओरडले. म्हटलं, मग आठ वर्षं आपण खणतोय कशासाठी? ते म्हणाले, "शीर आहे की नाही? आहे. मग ती खाली जाते की मध्येच मरते, हे बघायला नको? आणि हे काय एकट्याने होणारं काम आहे?" म्हटलं, म्हणजे मी गाडी ढकलायला? तर म्हणाले, "काहीतरीच बोलतेस. तुझी आई गेल्यावर घरात मला कोण होतं? तुझा भाऊ तर पाखरू. आणि तिकडे जाऊन तू काय दिवे लावणार होतीस? लोकांचे दगड कुटले असतेस. इथे आपले कुटतेस."

मी खाली वाकून सांडलेली भाकरीची चूर वेचायला लागले. मी, दादा! जिला तुम्ही दोघांनी ठिणगी नाव ठेवलंत.

मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "चल, अजून दोन गाड्या काढू." आणि मी उठले. गाडी सुलटी केली, भरली, बाहेर नेऊन ओतली, परत आत आले. संध्याकाळपर्यंत. हातांना कुणी सांगितलंच नाही की काय झालंय. घरी येऊन हात धुवायला घेतले आणि मग मी रडले. चांगली मोठ्याने रडले. बाबांनी रेडिओचा आवाज वाढवला.

आता कळलं तीनदा का लिहिलंस ते. मला वाटत होतं, तू आम्हा दोघांना फसवलंस. मी वेडी तुझ्यापासून बाबांना वाचवत बसले होते, गाड्या निम्म्या भरत होते, कॉम्प्रेसरवाल्याशी खोटं बोलत होते. तुम्ही दोघं मिळून होतात. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावले तरी कुणाला सांगायचं? तू सांगायला आला होतास, हे बाबांकडून कळलं. त्याबद्दल तुझा राग निम्मा करावा असं एक मन म्हणतं. पण त्यांनी "मी सांगतो" म्हटलं आणि तू सुटकेचा श्वास टाकून बसमध्ये चढलास. नंतर एकदा तरी मला विचारलंस, "बाबांनी सांगितलं का गं?" नाही विचारलंस, कारण उत्तर तुला माहीत होतं. मी इथे आहे, हेच उत्तर होतं.

त्यांचा राग मला वेगळा येतो आणि तुझा वेगळा. दोन्ही पुरून उरतात. बाबांचा जास्त येतो, कारण त्यांनी मला जवळ ठेवलं ते माझ्यावाचून करमेना म्हणून, हे मला कळतं, आणि त्या कळण्याने राग कमी होत नाही. मला विचारलं असतं ना, नुसतं म्हटलं असतं, "पोरी, मला एकटं नको वाटतं, थांब," तर मी थांबलेही असते. तेवढं विचारण्याइतकीही माझी किंमत धरली नाही.

चौदा तारखेच्या सकाळच्या बसने मी जाणार. तू आलास तरी, नाही आलास तरी. म्हाताऱ्या माणसाला एकटं टाकून कसं चालेल, असं तूच लिहिलंयस. नाहीच चालणार. तेव्हा ये.

ठिणगी


१३ एप्रिल

दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. "मे अखेरीस बघतो." बघ.

शीर काल लागली. मी बाहेर गाडी ओतत होते आणि आतून बाबांची आरोळी ऐकू आली. मला वाटलं छत खाली आलं. चप्पल कुठे, मी कुठे, धावत आत गेले तर बाबा भिंतीला गाल लावून उभे. बाहीने दगड पुसत होते. "पाणी आण," म्हणाले. पाणी टाकलं आणि ती उजळली. पांढरी गारगोटी, तिच्यात सोनेरी ठिपके, कडेला पातळशी हिरवी साय, वरून तिरकी येऊन खाली जमिनीत गेलेली. चार बोटं. तीही पुरती नाहीत, मी हात आडवा ठेवून बघितला तर माझी करंगळी बाहेर राहिली.

सुंदर होती रे. खोटं कशाला बोलू! मला ती आवडली आणि त्याच वेळी घण घालून तिचा भुगा करावासा वाटला.

बाबा म्हणाले, "बघ, उतरते की नाही खाली? मेली नाही. अशीच जाणार ती, आता तिच्या मागे मागे जायचं." एवढे खूश मी त्यांना त्या मशीनच्या दिवसानंतर बघितलं नव्हतं, आणि त्या दिवशीचं तर नाटक होतं, कालचं मात्र खरं होतं. मग मी सांगितलं, परवा सकाळी मी चालले. नोकरी लागलीय, अर्ज ऑक्टोबरमध्येच केला होता. त्यांनी दिवा माझ्या तोंडावर धरला. म्हणाले, "आत्ता कुठे शीर लागली आणि तू निघालीस?"

त्यानंतर दिवसभर अबोला. आज बोगद्यातही गेले नाहीत.

तुझ्या माहितीसाठी लिहून ठेवते. गुडघ्याचं मलम खिडकीत आहे, रक्तदाबाच्या गोळ्या चहाच्या डब्यामागे; विसरतात, आठवण द्यावी लागते. दुपारचा डबा कॉम्प्रेसरवाल्याची बायको देईल, मी बोललेय तिच्याशी. तोंडाजवळचे दोन टेकू कुजलेत, ते बदलल्याशिवाय आत जायचं नाही असं मी चारदा सांगितलं. माझं ते ऐकत नाहीत. एकट्याने तर मुळीच आत जाऊ नये.

मघाशी मी बॅग भरत होते तेव्हा बाबा येऊन दारात उभे राहिले. मी घडी घातलेला कपडाच उलगडून पुन्हा घडी घालत बसले, त्यांना वेळ मिळावा म्हणून. मला वाटलं, आता म्हणतील. काय म्हणतील ते मलाही माहीत नव्हतं. चुकलं म्हणतील, किंवा जा म्हणतील, किंवा निदान जाऊ नकोस म्हणतील.

ते म्हणाले, "गाडी कोण ढकलणार?"

मी म्हटलं, "दादा येतोय. रविवारच्या बसने. पत्र आलंय त्याचं."

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. पत्र दाखव सुद्धा म्हणाले नाहीत. चेहरा असा उजळला की मला त्यांच्याकडे बघवेना. म्हणाले, "कळवायचं नाही का आधी? त्याचे बूट कडक झाले असतील." आत्ता शेडमध्ये बसून तुझ्या जुन्या बुटांना तेल लावतायत. मधूनच मला हाक मारून विचारतात, बस सकाळची की दुपारची. मी दुपारची सांगितलीय.

तू येत नाहीयेस हे मला माहीत आहे. मी धडधडीत खोटं बोललेय. रविवारी दुपारी ते थांब्यावर जाऊन उभे राहतील. तेव्हा एकतर ये, नाहीतर त्यांना तूच कळव की ती खोटं बोलली. मी सांगणार नाही. या घरात कुणी कुणाला खरं सांगायचं, ती पाळी आता तुझी.

ठिणगी